कोलाड आधी, ऋषिकेश नंतर : मी उलटं केलं

ऋषिकेशला राफ्टिंगच्या, म्हणजे रबरी होडीतून खळाळत्या नदीत उतरायच्या खेळाच्या, ऑफिसात एक फॉर्म भरून घेतात. काही झालं तर जबाबदारी आमची नाही, अशा अर्थाचा. त्यात एक रकाना होता : पूर्वानुभव. माझ्या पुढच्या दिल्लीच्या पोरांनी तिथं 'नाही' लिहिलं होतं. मी पेन घेतला आणि लिहिलं, 'लहानपणापासून'.

खोटं नव्हतं ते. मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, ढिवराच्या म्हणजे मच्छीमाराच्या घरचा. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, आता नव्या गावठाणात राहतो आणि मच्छीमार संस्थेचं हिशेबाचं काम पाहतो. आठव्या-नवव्या वर्षी मी एकटा डोंगा (आमची लहान होडी) घेऊन वैनगंगेच्या पलीकडे जायचो. २०२० च्या ऑगस्टअखेर पूर आला, धरणाचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले, तेव्हा बाबा आणि मी दोन दिवस माणसं, शेळ्या, धानाची पोती काढत होतो. एवढं केलेल्या माणसानं फॉर्मवर 'नाही' लिहायचं? साळा फौजेत, तेव्हा डेहराडूनला होता. त्यानंच हे सगळं जमवलं होतं. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी तं ढिवराचे. तुमाले काय भेव? लंबा वालाच घेऊ."

लंबा वाला म्हणजे मरीन ड्राइव्हपासून (मुंबईचा नव्हे, गंगेकाठच्या त्या नावाच्या ठिकाणापासून) ऋषिकेशपर्यंतचा, सव्वीस किलोमीटरचा टप्पा. मार्च २०२३ ची गोष्ट. त्याचा परिणाम पुढं सांगतो. आधी एवढंच की मागच्या डिसेंबरात, धान चुरून झाल्यावर, मी बायकोला आणि संस्थेतल्या दोघांना घेऊन रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर गेलो, आणि तिथं पहिल्या वीस मिनिटांत कळलं की मी वरचा वर्ग आधी करून पहिलीत आलो होतो. आमच्या भागातून आता बरीच पोरं राफ्टिंगला जातात, रील पाहून नदी निवडतात, म्हणून दोन्ही ठिकाणांबद्दल जे वाटलं ते सविस्तर लिहितो.

आकड्यांचं आधी. नदीच्या अवघडपणाला एक ते सहा असे ग्रेड देतात, जगात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. एक म्हणजे वाहतं पण शांत पाणी, दिवाळीतली आपली वैनगंगा समजा. दोनमध्ये लाटा येतात पण वाट सरळ दिसते. तीनमध्ये लाटा वेड्यावाकड्या, राफ्ट मध्येच वळवावी लागते, माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. चारमध्ये जोर मोठा आणि चुकायला जागा कमी, सगळ्यांनी एकदम वल्हं मारलं तरच निभाव लागतो. पाच फक्त मुरलेल्यांसाठी. सहाच्या वाटेला तेही सहसा जात नाहीत. आपल्यासारख्या हौशी लोकांचा सगळा खेळ दोन ते चारमध्ये आहे.

पण हा आकडा म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचा फोटो. पाणी वाढलं की त्याच दगडाचा ग्रेड बदलतो. कधी पाणी चढून दगड बुडतो आणि जागा सोपी होते, कधी त्याच दगडामागं भोवरा तयार होतो. शिवाय पाणी किती थंड आहे, पडल्यावर काठ किती लांब आहे, दोन खळाळांच्या मध्ये श्वास घ्यायला शांत डोह आहे की नाही, हे आकडा सांगत नाही. कुंडलिकेची तीन आणि गंगेची तीन या सख्ख्या बहिणी नाहीत. चुलत म्हणा.

आता माझं काय झालं ते.

गंगेवर मार्चमध्ये ऊन होतं, पण पाणी वरच्या बर्फाचं. हात बुडवला तर बोटं बधिर. आम्ही आठ जण आणि गाइड. गाइड गढवाली, बारीक अंगाचा, बोलायला मोजका. त्यानं काठावर पंधरा मिनिटं शिकवलं : फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन. पाय राफ्टच्या आडव्या गादीखाली खोचून बसायचं. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात कधीही सोडायचा नाही, कारण ती सुटली की शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढं, पंजे पाण्याबाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून त्यानं दोनदा सांगितलं : वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. गुडघाभर पाणी असलं तरी नाही.

मी हे सगळं ऐकलं, पण लग्नातल्या मंगलाष्टका ऐकतो तसं.

थ्री ब्लाइंड माइस नावाचा खळाळ पार झाला, पुढं शिवपुरीही मागं पडलं. मला मजा येत होती. एक गोष्ट मात्र खटकत होती : मी गाइडच्या हुकमाआधीच वल्हं मारत होतो. डोंग्यात हुकूम देणारा मीच असतो ना. पुढं पाणी कुठं वळतंय ते मला दिसायचं आणि हात आपसूक चालायचे. गाइड दोनदा ओरडला, "भैया, आप मत सोचो." मला राग आला. रोलर कोस्टर नावाच्या खळाळात एकामागून एक लाटा येतात, तिथं त्यानं 'स्टॉप' म्हटलं आणि मी मारतच राहिलो. वल्हं पाण्यात, राफ्ट वर, मी दोघांच्या मध्ये. गेलो बाहेर.

लाइफ जॅकेट चांगलं होतं. वर आलो. पाण्याला मी घाबरलो नाही, ते खरंच. थंडीनं मात्र छाती आवळली, हाक मारायला आवाज फुटेना. लाटांतून बाहेर पडलो, काठ जवळ आला, पाणी कमरेएवढं दिसलं. मग मी तेच केलं जे आयुष्यभर वैनगंगेत केलं. उभा राहिलो.

वैनगंगेचा तळ रेतीचा आहे. पाय टाकला की रेती पायाखालून सरकते, पाय रुततो पण अडकत नाही. गंगेचा तळ तिथं दगडगोट्यांचा. माझा डावा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि मागून पाण्यानं मला पुढं ढकललं. पाय तिथं, अंग पुढं. ज्यानं हे अनुभवलं नाही त्याला सांगतो, कमरेएवढं पाणी माणसाला अशा वेळी हातानं दाबल्यासारखं खाली वाकवतं. तोंड पाण्याकडं जातं. जॅकेट तरंगवतं, पण पाय खाली बांधलेला.

आमच्यासोबत एक सुरक्षेचा कयाकवाला, म्हणजे एकट्याच्या लहान होडीतला माणूस, होता. तो कसा आला, किती वेळात आला, मला सांगता येणार नाही. त्यानं मला मागं, प्रवाहाच्या उलट दिशेनं ओढलं तेव्हा पाय निघाला. सँडल तिथंच राहिली. नडगीची साल गेली, अंगठ्याचं नख काळं पडून दोन महिन्यांनी गळालं. गाइड काहीच बोलला नाही. त्यानं फक्त मला पुढच्या जागेवरून उठवून मागं, स्वतःच्या पायापाशी बसवलं. गोल्फ कोर्स नावाचा खळाळ त्यानंतर होता, तो मी डोळे मिटूनच पार केला म्हणा ना. साळा अजून घरी सांगतो, "भाऊजी गंगेत उभे ऱ्हायले होते, दर्शनासाठी."

राफ्टिंगच्या त्या संस्थेबद्दल माझी तक्रार नाही. जॅकेटचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून पाहिले होते, कयाक सोबत दिला होता, म्हणूनच हे लिहायला मी आहे. तक्रार एवढीच की माझा फॉर्म कोणी वाचला नाही. 'लहानपणापासून' लिहिणाऱ्याला कोणीतरी विचारायला हवं होतं, की बाबा, कोणती नदी?

गंगेचे टप्पे तसे नीट पाडलेले आहेत, माणसानं आपल्या मापाचा घ्यावा. ब्रह्मपुरीपासूनचा नऊ-दहा किलोमीटरचा, तो नवख्यांचा. (आपल्या चंद्रपूरच्या ब्रह्मपुरीशी त्याचा संबंध नाही, आमच्या एका सभासदानं बसच्या तिकिटाची चौकशी सुरू केली होती.) शिवपुरीपासूनचा सोळा किलोमीटरचा, त्यात रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स दोन्ही येतात. तो ज्यांनी आधी एकदा राफ्टमध्ये बसून हुकूम पाळलाय त्यांचा. मरीन ड्राइव्ह त्यापुढचा. आणि कौडियालापासूनचा छत्तीस किलोमीटरचा टप्पा, ज्यात 'द वॉल' नावाचा चार ग्रेडचा खळाळ आहे, तो मी पाहिलेला नाही आणि सध्या पाहायची घाई नाही. हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जूनपर्यंत, जुलै-ऑगस्टला बंद.

आता कोलाड. आमच्याकडून जायचं तर वरठीला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसा, दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याण, तिथून पनवेल आणि पनवेलहून गोवा रस्त्यानं एसटी. त्याच दिवशी नदीत उतरायचा बेत करू नका, कारण इथं पाणी सकाळचं असतं आणि तुम्ही पोहोचेस्तोवर ते निघून गेलेलं असतं.

हे 'पाणी सकाळचं' प्रकरण समजून घ्यायला मला अर्धा दिवस लागला. कुंडलिका डिसेंबरात तशी काही फार वाहणारी नदी नाही. वर सह्याद्रीत मुळशीचं धरण आहे, टाटांचं. ते पाणी पूर्वेला भीमेकडं जाणारं. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून डोंगराच्या कड्यावरून नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. टर्बाइन फिरवून झालं की तेच पाणी कुंडलिकेत येतं. म्हणजे मुंबईला वीज लागली की इथं नदी येते. वीज नको असेल तर नदी नाही. त्यामुळं बुकिंग करताना पहिला प्रश्न 'किती पैसे' नाही, 'उद्या पाणी सुटणार का आणि किती वाजता' हा विचारा. आदल्या रात्री पुन्हा फोन करा. आमच्या शेजारच्या खोलीतली पुण्याची मंडळी सकाळी साडेनवाला आरामात उठून आली, त्यांच्या राफ्टा खाली दगडांना घासत गेल्या म्हणे.

मुळशीचं नाव ऐकल्यावर मी जरा थांबलो. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता तो याच धरणाविरुद्ध. बावन्न गावं म्हणतात. धरण झालंच. आमच्या गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, आणि आमच्या घराचा ओटा मी पाण्याखाली जाताना पाहिला. दुसऱ्याच्या बुडालेल्या गावाच्या पाण्यावर मी पैसे देऊन हौस करायला आलो, असं क्षणभर वाटलं. मग बायको म्हणाली, "अवो, हेलमेट घाला ना, लोक थांबून ऱ्हायले." घातलं.

हेल्मेटचं बरं झालं विषय निघाला. इथल्या सेवेचा कच्चा भाग तोच. मला दिलेल्या हेल्मेटचा पट्टा तुटका होता, गाठ मारलेला. बायकोचं जॅकेट दोन मापं मोठं, खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत आलं. खांद्याला धरून ओढून पाहा, ही साधी परीक्षा आहे. हनुवटीच्या वर गेलं तर परत करा. आम्ही म्हटल्यावर त्यांनी दोन्ही बदलून दिलं, कुरकुर न करता. पण न म्हणणाऱ्याला तसंच बसवलं असतं. शिकवणी उरकली चार-पाच मिनिटांत, कारण पाणी सुटलेलं असतं आणि सगळ्या राफ्टा एकदम निघायच्या असतात. फोटोचे पैसे वेगळे, हे खाली उतरल्यावर सांगितलं. नाश्त्याचे पोहे कोरडे, वर शेव नाही, तर्रीचा तर प्रश्नच नाही. नागपूरकरांनी मनाची तयारी करून जावं. माणशी दीड हजाराच्या आतबाहेर पडले. शनिवार-रविवारी जास्त घेतात, आम्ही बुधवारी गेलो.

पण नदी? नदी पहिलटकरासाठी अशी की मला माझाच राग आला. बारा-चौदा किलोमीटर, दोन-अडीच तास. सुरुवातीच्या अर्ध्या भागात खळाळ एकामागून एक, दोन ते तीन ग्रेडचे. नंतर पाणी संथ, दोन्ही बाजूंना झाडी, खंड्या पक्षी, कपडे धुणाऱ्या बाया. नदी अरुंद, त्यामुळं काठ कायम दिसतो. पाणी थंड पण हाडं गोठवणारं नाही. पडलो तर कुठं जाईन, हा हिशेब मनातल्या मनात करता येतो. गंगेत तो हिशेब करायला वेळच मिळत नाही. उणी बाजू अशी की अरुंद नदीत दगड जवळ असतात, पडल्यावर गुडघे-कोपरं आपटतात. म्हणून पाय वर ठेवायची सवय इथं जास्तच पक्की करावी.

बायकोला पोहता येत नाही. ढिवराच्या घरात दिली तरी तिचं माहेर लाखांदूरकडचं, शेतीवालं. मी तिला काठावर ठेवायच्या विचारात होतो. इथल्या गाइडनं, वीस-बावीस वर्षांचा कोकणी पोरगा, तिला विचारलं, "ताई, मी थांब म्हटलं तर थांबाल ना?" ती म्हणाली, थांबेन. त्यानं तिला सगळ्यात पुढं बसवलं आणि मला तिच्या मागं. पूर्ण वाटेत ती एकदाही चुकली नाही. फॉरवर्ड म्हटलं की वल्हं, स्टॉप म्हटलं की मांडीवर. रोवणीच्या ओळीत वर्षानुवर्षं सगळ्यांबरोबर हात चालवायची सवय, दुसरं काय. मी मात्र तिथंही एकदा आपल्या अकलेनं मारलं, तेव्हा तिनं मान न वळवता म्हटलं, "तुमी त्याचं आयका ना."

आमच्यातला एक जण, नाव नको, पोहण्यात जिल्ह्यात बक्षीस मिळवलेला, पहिल्याच मोठ्या लाटेला वल्हं सोडून दोरी धरून बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. त्याला बोल लावत नाही. फक्त नदी निवडताना तुमच्या गटातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा कोण ते पाहू नका. सगळ्यात घाबरणारा कोण आणि सगळ्यात न ऐकणारा कोण ते पाहा, आणि त्या दोघांना झेपेल ती नदी घ्या. आमच्या गटात न ऐकणारा मी होतो.

काय घालून जावं : सुती साडी, जीन्स नको, भिजलं की पोत्यासारखं जड होतं. बायकोनं भाचीची ट्रॅकपँट घातली, मंगळसूत्र खोलीवर ठेवलं, त्यावरून सासूबाईंचा फोन आला तो वेगळा विषय. चप्पल मागून पट्ट्याची हवी. चष्म्याला दोरी. चौदा वर्षांखालचं पोर दोन्हीकडं बसवत नाहीत, तिथं वाद घालू नका.

पावसाळ्यात कोलाडला गर्दी जास्त असते, पाणीही जास्त. फोटो झकास येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तरी हिवाळ्यात जावं असं माझं मत आहे. पूर पाहिलेला माणूस गढूळ पाण्याचा भरवसा धरत नाही, तळात काय वाहतंय ते दिसत नाही. झाडाचं खोड आडवं पडलं असेल तर पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही. आमच्याकडं पुरात जनावरं अशीच अडकलेली सापडतात.

बाकीच्या नद्यांचं विचाराल तर कर्नाटकात दांडेलीजवळची काळी आणि कुल्लूची बियास, याही बहुतेक दोन-तीन ग्रेडच्याच. काळीलाही धरणाचंच पाणी, सुपा धरणाचं. गोव्याची म्हादई फक्त पावसाळ्यात. लडाखची झांस्कर रीलमध्ये फार दिसते, आमच्या गावातला एक इंजिनिअरिंगचा पोरगा पहिलीच म्हणून तिथं जायचं म्हणतोय. पदुम ते निमू म्हणजे कित्येक दिवस दरीतून, बर्फाचं पाणी, तीन-चार ग्रेड, मध्ये बाहेर पडायला रस्ता सापडेलच असं नाही. त्याला मी माझं नख दाखवलं. नवीन आलंय, पण वाकडं.

आणि ज्यांना नुसतं पाण्यावर बसायचंय त्यांनी रामटेकजवळ खिंडसीला जावं, पैसे वाचतील.

गुण द्यायचे तर कुंडलिकेला पाचपैकी साडेचार, तिथल्या ज्या संस्थेकडून गेलो तिला तीन, त्यातला एक त्या पोरग्याच्या प्रश्नाचा. ऋषिकेशच्या संस्थेला चार. गंगेला गुण देणारा मी कोण.

बाबांना परत आल्यावर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, एवढ्या माणसांत डोंगा धरणारा कोण? मी मागं बसलेल्या पोरग्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "मंग तू काहून हात हालवून ऱ्हायला?"

येत्या मार्चमध्ये पुन्हा ऋषिकेश आहे. बायको, मी, साळा. या वेळी शिवपुरीपासूनचं बुकिंग केलंय, सोळा किलोमीटरचं, आणि फॉर्मच्या त्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलंय : कुंडलिका, एकदा. साळ्याला अजून सांगितलेलं नाही, तो सव्वीसच समजून सुट्टी टाकतोय.